आठ स्क्रूंचं झाकण

माझा राग नाकावर असतो, हे मी स्वतःच आधी सांगून टाकतो. मी सुतार आहे, पस्तीस वर्षं रंधा मारतोय. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, तुमचं नवं स्टूल डुगडुगतं. मी त्याच्या घरी गेलो, स्टूल चार ठिकाणी ठेवून दाखवलं, डुगडुगते ती तुमची फरशी असं तोंडावर सांगितलं आणि स्टूल काखोटीला मारून परत आणलं. ही म्हणाली, "तुमचंच खरं. पण स्टूल आलं ना घरी?" मी कामावरून आलो की घरातले आधी माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मग बोलायचं की नाही ते ठरवायचे. मला ते दिसायचं. मला वाटायचं, घरात थोडा धाक असावा.

घरात आम्ही तिघंच. मी, ही, आणि आमचे एकुलते एक चिरंजीव. सोळाव्या वर्षी त्याला मी वर्कशॉपमध्ये आणला होता. त्यानं खिडकीची एक झडप बोटभर आखूड कापली. "डोळे काय घरी खुंटीला टांगून आलास?" असं मी त्याला गिऱ्हाइकासमोर विचारलं. गिऱ्हाईक हसलं. पोरगा भुसा झाडून घरी गेला आणि पुन्हा वर्कशॉपची पायरी चढला नाही. तो दिवसभर सायकलवरून पार्सलं पोचवायचा आणि उरलेला वेळ एका मित्राच्या खोलीवर कॉम्प्युटरवर खेळायचा. तो फार चांगला खेळतो असं मित्र सांगत. खेळण्यात चांगला म्हणजे झोपण्यात चांगला असण्यासारखंच की, असं मी म्हणायचो, आणि माझ्या विनोदावर मीच हसायचो.

एका संध्याकाळी त्यानं माझ्या ताटाशेजारी एक कागद ठेवला. आधी हिच्याशी सल्लामसलत झालेली दिसत होती, कारण ही भांडी घासता घासता एकदम गप्प झाली.

कागदावर यादी होती. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम आणि अजून चार गोष्टी. मित्र गाव सोडून चालला होता, त्याच्याबरोबर त्याचं मशीनही. आणि तीन महिन्यांनी एका संघाची निवड होती. घरबसल्या, आपापल्या मशीनवर, सलग तीन तास खेळायचं. त्यात घेतलं तर महिन्याच्या महिन्याला पगार. वयाची अट वीस, आणि त्याला विसावं लागलं होतं. म्हणजे हीच वेळ, दुसरी नाही.

"खेळायचा पगार?" मी म्हणालो. "मी एक दमडी देणार नाही."

"पैसे नकोत बाबा. ते मी साठवलेत."

"मग मला कशाला दाखवतोस?"

त्यानं यादीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "कॅबिनेट. म्हणजे हे सगळं ज्यात बसवतात तो डबा. चांगला डबा घेतला तर स्क्रीनवर चित्र दाखवणारं ग्राफिक्स कार्ड हलकं घ्यावं लागतं. डब्याचे पैसे वाचले तर बऱ्यापैकी कार्ड येतं." मग तो थांबला आणि म्हणाला, "तुम्ही लाकडाचा करून द्याल का?"

चार वर्षांत त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी घास तसाच धरून बसलो. वरवर मी "बघू" असं म्हटलं, पण मला आकाश ठेंगणं झालं होतं. हात धुताना मी मनातल्या मनात कोणतं लाकूड वापरायचं तेही ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. त्या दुकानदाराला सगळा बाजार वकील म्हणायचा, कारण तो माल दाखवण्याआधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी घ्यायचा. काय खेळणार, स्क्रीन केवढा, मशीन भिंतीला टेकणार की मोकळं राहणार, खोलीत ऊन येतं का. मला तो माणूस पहिल्या पाच मिनिटांत आवडला आणि सहाव्या मिनिटापासून नावडायला लागला.

पोरगा मात्र तयारीनं आला होता. प्रोसेसर त्यानं मागच्या वर्षीचा मागितला. नव्यात आणि जुन्यात फरक बोटभर, किमतीत हातभर, असं तो म्हणाला. ही भाषा त्यानं माझीच उचलली होती. रॅमची एक मोठी पट्टी घ्यायची की दोन लहान, यावर वकिलाशी त्याची चांगलीच जुंपली. शेवटी दोन लहान ठरल्या, कारण जोडीनं त्या जास्त वेगानं चालतात. साठवणुकीची जागा निम्मी केली. "एकच खेळ खेळायचाय, बाबा. बाकी काही ठेवायचंच नाही." कार्ड सेकंड हँड घेतलं, पण वकिलानं ते आमच्यासमोर तासभर चालवून दाखवलं. पॉवर सप्लायवर मात्र गाडी अडली. पोरगा स्वस्तातला मागत होता आणि वकील द्यायला तयार नव्हता.

"हा घेतलात तर बाकीचं सामान मी विकत नाही," वकील म्हणाला. "उद्या याच्यापायी सगळं जळेल आणि तुम्ही येऊन माझी कॉलर धरणार."

मी वकिलाच्या बाजूनं बोललो. पायाला हलकं लाकूड घालून वर पॉलिश मारणारे सुतार मी पाहिले होते. चांगला पॉवर सप्लाय घेतला आणि पोरानं कीबोर्ड जुनाच चालवायचं ठरवलं. प्रत्येक वस्तू घेताना तो दुसरीवर पाणी सोडत होता आणि कुठंही तोंड वाकडं करत नव्हता. मी बाजूला उभा राहून बघत होतो. हा मुलगा लाकूड निवडायला किती चांगला लागला असता, असं मला राहून राहून वाटत होतं.

शेवटी वकिलानं कॅबिनेट दाखवलं. पुढून सगळी जाळी, आत पंखे, कोंबड्यांच्या खुराड्यासारखं काहीतरी. "मी करणार आहे," मी सांगितलं. "सागवानात."

"करा की. पण पुढून हवा आत आली पाहिजे आणि मागून बाहेर गेली पाहिजे. दोन्हीकडे चांगली वीतभर जागा मोकळी ठेवा. जाळी लावा, भोकं पाडा, काहीही करा."

"पस्तीस वर्षं कपाटं करतोय," मी म्हणालो. "कपाटाला हवा किती लागते ते मला माहीत आहे."

"हे कपाट नाही, काका."

मला वाटलं, याला आपलं खुराडं खपवायचंय. मी पोराला म्हटलं चल, आणि आम्ही निघालो.

ते कॅबिनेट करायला अकरा दिवस लागले. खरं तर चार दिवसांचं काम, पण पोरगा रोज पार्सलं संपवून वर्कशॉपमध्ये यायला लागला होता आणि मला ते लवकर संपवायचं नव्हतं. एका जुन्या दाराचं सागवान मी कित्येक वर्षं चांगल्या कामासाठी म्हणून राखून ठेवलं होतं, ते काढलं. मदरबोर्ड कागदावर ठेवून त्यानं भोकांच्या खुणा केल्या आणि मी त्या खुणांवर पितळी खुंट्या बसवल्या. नऊच्या नऊ खुंट्या पहिल्याच फटक्यात बरोबर बसल्या तेव्हा तो लहान मुलासारखा ओरडला. कोपरे मी दातऱ्याच्या जोडानं, दातात दात अडकवून जुळवले, एकही खिळा नाही. बाजूचं एक झाकण तेवढं उघडणारं ठेवलं, आठ पितळी स्क्रूंचं.

तो पॉलिशपेपर मारायचा आणि बोलायचा. त्याचं काम खेळात मागं राहून वाट बघायचं आणि बाकीच्या चौघांना कुणी कुठं जायचं ते सांगायचं असतं, हे मला तिथंच कळलं.

"म्हणजे तू मुकादम."

"नाही बाबा. मुकादम ओरडतो. मी हळू सांगतो."

मी हसलो. मला बोललेलं लागत नाही असं नाही, पण त्या दिवसांत लागत नव्हतं.

नवव्या दिवशी पुढची फळी बसवताना तो म्हणाला, "इथं थोडी जागा ठेवायची का? वकील म्हणत होते..."

"समोर भोकं? फट ठेवायची असेल तर सुतार कशाला हवा? पत्र्याचं घे की मग." मी मागच्या फळीला एका ओळीत सहा भोकं पाडली, करंगळीएवढी, सारख्या अंतरावर. भांड्यांच्या कपाटाला मी चारच पाडतो. "घे. दोन जास्त दिली तुला."

तो माझ्याकडे बघून हसला आणि पुन्हा पॉलिशपेपर मारायला लागला. हे मी का लिहितोय ते पुढं कळेल. तेव्हा मला त्या हसण्यात काही वेगळं दिसलं नाही.

मशीन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा आतून नुसती बारीक घरघर. मी झाकण लावलं, आठही स्क्रू आवळले आणि आवाज तेवढाही राहिला नाही. जोडावरून नख फिरवलं तर अडकत नव्हतं. पुढचे कित्येक दिवस घरी जो येईल त्याला मी ते दाखवायचो. शेजारी, मेव्हणा, मीटर वाचायला आलेला माणूस. "नख फिरवा," मी म्हणायचो, "कुठं फट सापडली तर सांगा." पोरगा बाजूला उभा असायचा. तोही म्हणायचा, बाबांनी केलंय.

त्या तीन महिन्यांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मी कामावरून आलो की चिरंजीवांचा खेळ थांबलेला असायचा. कधी मशीन बंद, कधी नुसताच स्क्रीन चालू. मला वाटलं, बापाचा मान ठेवतोय. मी हिला तसं बोलूनही दाखवलं आणि ही आत निघून गेली.

निवड एका रविवारी होती, अकरा ते दोन. आदल्या आठवड्यात पोरानं मला तीनदा विचारलं, "बाबा, रविवारी तुमचं ते जिन्याच्या कठड्याचं काम आहे ना?" पहिल्यांदा मी हो म्हणालो. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोराला मी घरी हवाय, पण तोंडानं सांगायचा संकोच वाटतोय. मी लगेच गिऱ्हाइकाला फोन करून काम पुढं ढकललं आणि जेवताना जाहीर केलं, "रविवारी मी कुठंही जाणार नाही. तुझ्या मागं खुर्ची टाकून बसणार."

तो म्हणाला, "अरे वा." हिच्या हातातला डाव आमटीत पडला. मला वाटलं, तिलाही आनंद झाला.

रविवारी मी अंघोळ करून धुतलेला शर्ट घालून बसलो. खेळातलं मला शष्प कळत नव्हतं, पण त्याचे हात कळत होते. बोटं अशी चालत होती की एकही हालचाल फुकट नाही. आणि आवाज! घरात तोंडातून शब्द न काढणारा माझा पोरगा कानाला माईक लावून चार अनोळखी पोरांना हळू आवाजात सांगत होता, थांब, आता जा, घाई करू नकोस, मी बघतोय. मला भरून आलं. ह्या आवाजात मी त्याच्याशी कधी बोललो नव्हतो, मग तो शिकला कुठून, असा विचार माझ्या मनात आला.

ही मात्र सारखी मध्ये मध्ये येत होती. आधी म्हणाली, "अहो, जरा कोपऱ्यावरून साखर आणता का?" मी म्हटलं, संध्याकाळी. मग म्हणाली, "नळ गळतोय, वॉशर आणा." मी म्हटलं, "आज माझ्या पोराचा दिवस आहे, गळू दे." ती दारात उभी राहिली, पोराच्या पाठीकडे बघत. त्यानं मागं न बघता मान किंचित हलवली. नको, अशी. मी ते पाहिलं आणि मला वाटलं, तो आईला लुडबुड करू नकोस म्हणतोय.

पावणेबाराला स्क्रीन काळा झाला.

"वीज गेली?" मी विचारलं. वर छताचा पंखा तर फिरत होता.

"प्लग ढिला असेल," तो म्हणाला. त्यानं मशीन पुन्हा चालू केलं. मिनिटभर काही झालंच नाही, मग सुरू झालं. तो परत आत शिरला, माफी मागितली, पुन्हा सांगायला लागला, थांब, आता जा. त्याचा गळा घामानं चमकत होता. मी लाकडावर हात ठेवला तर ते कोमट लागलं. सागवान आहे, जिवंत लाकूड आहे, असं मी मनात म्हणालो. बारा वाजून पाच मिनिटांनी स्क्रीन पुन्हा काळा झाला. तिसऱ्यांदा चालू होईपर्यंत तिकडून दोन ओळींचा निरोप आला होता. दोनदा खेळ सोडून गेल्यामुळे नाव कमी केलं आहे.

त्यानं माईक काढून ठेवला. हात मांडीवर ठेवून बसला. आणि मी काय केलं असेल? मी म्हणालो, "तरी मी सांगत होतो, जुनं कार्ड घेऊ नकोस." मी असं कधीच सांगितलं नव्हतं.

"हो बाबा," तो म्हणाला. "कार्डच असेल."

मी चपला घालून तडक वकिलाच्या दुकानात गेलो. रविवारी तो अर्धं शटर ओढून हिशेब करत बसला होता. मी त्याला नाही नाही ते बोललो. माझ्या पोराचं आयुष्य तुझ्या भंगारानं खाल्लं, असंही बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "झाकण काढून चालवून बघितलं होतं का?" माझा पारा आणखीच चढला. "माझ्या कामाला नावं ठेवतोस?" असं ओरडून मी बाहेर पडलो. घरी येऊन पोराला म्हटलं, मशीन घे, त्याच्या तोंडावर आपटून येऊ. तो म्हणाला, "राहू द्या ना, बाबा. झालं ते झालं."

महिन्याभरात त्यानं दुसऱ्या शहरात नोकरी धरली. पार्सलांचं मोठं गोदाम, उभ्यानं दहा तास, राहायला एका खोलीत सहाजण. निघताना त्यानं माझ्या पायांना हात लावला आणि कॅबिनेटवर जुनी चादर घातली. सात महिने फोनवर आमचं बोलणं म्हणजे जेवलास का आणि जेवलात का. मग एकदा तो म्हणाला, "ते मशीन विकून टाका बाबा. नुसतं पडून जुनं होतंय."

विकायचं तर साफ करून द्यावं, म्हणून परवा मी चादर काढली, मशीन आडवं केलं आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो. पहिल्या स्क्रूला पातं लावलं आणि ते घसरलं.

मी चष्मा लावून बघितलं. स्क्रूच्या डोक्यातली खाच पार झिजून गेली होती. दुसऱ्याचीही तीच गत. चौथा तर नुसत्या बोटानंच फिरला, त्याच्या भोकातलं लाकूड पीठ झालं होतं. ते भोक घट्ट व्हावं म्हणून कुणीतरी आत आगपेटीची काडी घातली होती. पितळी स्क्रू मी आयुष्यभर वापरलेत. दोन-चारदा उघडून त्यांची अशी दशा होत नाही. शंभर वेळा उघडून, घाईघाईत लावून, पुन्हा उघडून होते. झाकणाच्या खालच्या कडेचं पॉलिशही उडालं होतं, रोज एकाच जागी भिंतीला टेकवून ठेवल्यासारखं.

मी हिला हाक मारली. ती आली, झाकण बघितलं आणि पदरानं हात पुसत जमिनीवर बसली.

"कोण उघडायचं हे?"

"तोच." तिनं झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. "बंद असलं की अर्ध्या-पाऊण तासात तापून बंद पडायचं. पहिल्या आठवड्यातच कळलं त्याला. मग तो झाकण काढून खेळायचा. तुमच्या गाडीचा आवाज आला की मी आतून भांडं वाजवायची, आणि तो लावून टाकायचा."

"तीन महिने?"

"तीन महिने."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार तुम्हाला?" ती म्हणाली. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली. "मी त्याला म्हटलं होतं, रविवारी तरी काढून ठेव, मी बघते त्यांचं काय ते. तर म्हणाला, आई, बाबांनी अकरा दिवस घातलेत यात. सगळ्यांना दाखवत असतात. त्यांच्यासमोर कसं काढू? तीन तासांचा तर प्रश्न आहे, कदाचित निभेल."

 मी तिथंच त्या आडव्या मशीनसमोर बसून राहिलो. तो रविवारबद्दल मला तीनदा विचारत होता ते मी घरी असावं म्हणून नव्हे, मी घरी नसावं म्हणून. साखर आणि वॉशरही त्यासाठीच. माझं पोर तासभर माझ्याच समोर गुदमरत होतं आणि मी मागं खुर्ची टाकून कौतुक करत होतो. हिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी रडलो, ते तिनं पाहिलं, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत मी मशीन रिक्षात घालून वकिलाकडे नेलं. त्यानं मला ओळखलं आणि खुर्ची पुढं केली. मी म्हणालो, "मी तुम्हाला वाईट बोललो होतो. चूक तुमची नव्हती." तो म्हणाला, "आधी चालवून बघू." त्यानं मशीन तापवायचा एक प्रोग्राम लावला, झाकण बंद ठेवून. अठरा मिनिटांत स्क्रीन काळा. मग मी पिशवीतून ड्रिल काढलं. वकिलानं आतलं सगळं सामान सुटं करून बाजूला ठेवलं आणि फळ्या घट्ट धरल्या. नख अडकत नव्हतं अशा त्या पुढच्या फळीला मी वरपासून खालपर्यंत भोकं पाडली, मागच्या फळीलाही. माझ्या हाताला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. काही वाटलं नाही. सगळा भुसा फुंकून काढला, त्यानं सामान पुन्हा बसवलं, झाकण बंद केलं आणि प्रोग्राम लावला. मी समोर बसून राहिलो. एक तास, दोन तास. त्यानं दोनदा चहा मागवला. तीन तास झाले तेव्हा तो म्हणाला, "बंद करू? काही होणार नाही आता." मी म्हटलं, अजून दहा मिनिटं राहू द्या.

काल दुपारी मी त्याला फोन केला. जेवणाच्या सुट्टीत होता. मागं पार्सलं वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यांची घरघर ऐकू येत होती.

"मशीनला भोकं पाडली," मी सांगितलं. "पुढून-मागून. तीन तास चाललं, बंद पडलं नाही."

 तो म्हणाला, "कशाला बाबा? किती छान दिसत होतं."

"मी घेऊन येतो तुझ्याकडे. तिथं लाव."

"इथं कुठं ठेवणार? झोपायला जागा नाही. आणि आता एकविसावं लागेल मला." तो हसला. "विका तुम्ही. आता तर जास्त किंमत येईल."

मी अख्खं आयुष्य जे वाक्य कुणाला बोललो नव्हतो ते काल सकाळपासून मनात घोकून ठेवलं होतं. "चूक माझी होती," मी म्हणालो. "तू सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही. तुझं माझ्यामुळे गेलं."

"नाही हो बाबा," तो घाईघाईनं म्हणाला. "कार्डच जुनं होतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तेवढ्यात त्याचा आवाज बदलला. त्या रविवारी जसा हळू होता तसा झाला.

"बाबा, तुम्हाला आईनं सांगितलं का हे?"

"हो."

"तिच्यावर रागावला नाहीत ना?"

"नाही रे."

"नक्की ना? तिचं काही चुकलं नाही त्यात. मीच तिला सांगू नको म्हटलं होतं."

"नाही रागावलो, बाळा."

"बरं," तो म्हणाला. आणि मग, "जरा आईला द्या ना फोन."

मी फोन हिच्याकडे दिला. ती खिडकीपाशी जाऊन, माझ्याकडे पाठ करून बोलायला लागली. तिकडून तो काय विचारत होता ते मला ऐकू येत नव्हतं. हिचं तेवढं येत होतं. "नाही रे," ती म्हणत होती. "नाही, खरंच. शांत आहेत. अरे शप्पथ, काही बोलले नाहीत. तू जेव आधी."